बघितलेत की!

दर आठवड्याला या पानावर मला जेमतेम हातभर जागा मिळते. दिवाळी जवळ आली की संपादकांचा निरोप येतो, ‘यंदा जरा ऐसपैस बसा.’ कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला ऐसपैस बसायला सांगण्यात काय धोका असतो, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलेले दिसत नाही. पण सणासुदीला कुणी पाट मांडला तर नाही म्हणू नये. शिवाय गेल्या जानेवारीतली एक गोष्ट या पाटासाठीच मी राखून ठेवली होती. हातभर जागेत ती मावत नव्हती.

गोष्ट आमच्या अप्पांची आहे. अप्पा म्हणजे माझे वडील. १९७० ते २००४ अशी चौतीस वर्षे त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवला. त्यातली दोन वर्षे मीही त्यांच्या वर्गात होतो, आणि मास्तरांचा मुलगा म्हणून इतरांपेक्षा चार छड्या जास्त खाल्लेल्या आहेत. निवृत्तीनंतर ते पुण्यात आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक पृथ्वीगोल आणि नकाशांच्या चार गुंडाळ्या होत्या. त्या पृथ्वीगोलावर अजून सोव्हिएत रशिया नांदतो आहे. नवा आणू या म्हटले तर अप्पा म्हणतात, “देश बदलले असतील. डोंगर तिथेच आहेत.”

एकोणऐंशीव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. वर्तमानपत्र वाचताना ओळीच्या मधली अक्षरे कुणीतरी बोटाने पुसल्यासारखी दिसू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. कडेचे दिसत राहील, मधले हळूहळू जाईल. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. शाळा तपासणीचा शेरा ऐकावा तसे अप्पांनी ते उभ्याने ऐकून घेतले. घरी आले, चहा घेतला, कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि म्हणाले, “मला एकदा निघोजला जायचं आहे.”

आमची अपेक्षा काशीची होती, निदान पंढरपूरची. निघोज म्हटल्यावर आमच्या सौभाग्यवतींना मळगंगा देवी आठवली. चैत्रात तिची मोठी यात्रा भरते. “देवीला जायचं का, अप्पा?” तिने विचारले.

“नाही,” अप्पा म्हणाले. “नदीत.”

बायकोच्या हातातली बरणी पडता पडता राहिली. मग उलगडा झाला, की त्यांना कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे बघायचे आहेत. मी सहज म्हणालो, “पण ते तर तुम्ही बघितले आहेत ना?” यावर अप्पा काही बोलले नाहीत. उठून आपल्या खोलीत गेले.

मी तसे विचारले याला कारण होते. नववीत आम्हाला अप्पांनी नदीचे कार्य शिकवले त्या तासाची मला पक्की आठवण आहे. घळई झाली, धबधबा झाला, मग ते फळ्याकडे वळले आणि खडूच्या एका फटक्यात त्यांनी एक पोटमोठा रांजण काढला. आत चार गोटे, वर पाण्याचा भोवरा. “निघोजचे रांजण!” ते म्हणाले. “एकेक असा, की आत उतरलेल्या माणसानं हात वर केले तरी बोटं दिसायची नाहीत. मी काठावर पालथा पडून आत डोकावलो, तर तोंडावर गार वारा आला. खडा टाकला. सात मोजेपर्यंत आवाज नाही!” वर्ग चिडीचूप. भूगोलात मला कधी गती नव्हती, पण तो गार वारा मला त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या लागला होता. पुढे मी भाषेकडे वळलो त्यात त्या वाऱ्याचा हात असावा असा माझा संशय आहे.

तर संक्रांतीनंतरच्या एका रविवारी पहाटे आम्ही चौघे मोटारीतून निघालो. पुढे मी आणि अप्पा, मागे सौ. आणि चिरंजीव. चिरंजीव यंदा नववीत आहेत. पुणे ते निघोज हे अंतर नव्वद किलोमीटरांच्या आतबाहेरचे. पण नगर रस्त्यावर अंतर किलोमीटरांत मोजायचे नसते, वाघोलीच्या चौकात किती वेळ उभे राहिलो यावर मोजायचे असते. आम्ही चांगलेच उभे राहिलो. पुढे रस्ता मोकळा झाला, तसे खड्डे सुरू झाले. चिरंजीव मागून म्हणाले, “बाबा, इंग्लिशमध्ये यालाही पॉटहोल म्हणतात आणि आपण बघायला चाललोय त्यालाही पॉटहोलच म्हणतात. मग एवढ्या लांब कशाला जायचं?”

मला अशा संधी वाहत्या रस्त्यावर क्वचित मिळतात. मी सांगितले, की ज्या भाषेत रस्त्यावरचा खड्डा आणि नदीतला रांजण यांना एकच शब्द पुरतो, तिच्यापेक्षा आपली भाषा या बाबतीत नक्कीच श्रीमंत आहे. त्यावर चिरंजीवांनी विचारले, “पण रांजण म्हणजे काय?”

गाडीत क्षणभर कुणी बोलले नाही. खरेच, त्याने रांजण बघितलाच कुठे होता? आमच्या गावच्या घरी पडवीत दोन असत, कमरेपर्यंत जमिनीत पुरलेले, बाहेरून ओलसर, गुडघाभर शेवाळ लागलेले. उन्हाळ्यात शाळेतून आले की त्याच्या पोटाला गाल लावायचा. आमच्या मुलाने पाहिलेले पाणी गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतले. अप्पांच्या काळी ‘घरातल्या रांजणासारखा खळगा’ म्हटले की वर्गाला कळायचे. आता खळगा दाखवून सांगावे लागणार, की घरातला रांजण असा असायचा. काही पुस्तकांतून याच खळग्यांना कुंभगर्त असा भारदस्त शब्द आहे. तो उच्चारला की जिभेला उचकी लागते. ‘रांजणखळगा’ हा शब्द मात्र ज्या कुणी पहिल्यांदा योजला, त्याच्या घरी पाणी भरायला कुणीतरी जात होते हे नक्की.

रांजणगावला सौ.ने महागणपतीचे दर्शन घेतले. गावाच्या नावातल्या रांजणाविषयी मी तोंड उघडणार तोच तिने माझ्या हातावर प्रसाद ठेवला. शिरूर मागे पडले, आम्ही आत वळलो. दोन्ही अंगांना ऊस, मधून मधून कांदा. गाडीतली बडबड ओसरली होती.

“त्या मुलाचं नाव आठवत नाही,” अप्पा एकाएकी म्हणाले.

“कुठल्या?”

“तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायचा. १९८३ चा पावसाळा. मी फळ्यावर आकृती काढली होती. त्यानं विचारलं, सर, हे तुम्ही बघितलेत का? आणि मी म्हणालो, बघितलेत की!”

मी गाडीचा वेग कमी केला.

“तपासणीचे साहेब मागं बसले असते तर एक वेळ समजलं असतं. कुणी नव्हतं. नुसतं तोंडातून गेलं. मग तो म्हणाला, केवढे असतात? मग सांगावं लागलं. दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलं. गार वारा मागाहून आला.”

तेवढ्यात मागून चिरंजीवांनी मोबाइलवर हिशेब करून सांगितले, “आजोबा, सात सेकंद म्हणजे खोली दोनशे चाळीस मीटर होते!”

“तेच म्हणतोय मी,” अप्पा म्हणाले.

अशी ही एकवीस वर्षांची गोष्ट होती. म्हणजे १९८३ पासून २००४ पर्यंत नववीच्या एकवीस वर्गांनी तो गार वारा अंगावर घेतला. मी विचारले, की निवृत्तीनंतर इतकी वर्षे पुण्यात आहात, नव्वद किलोमीटरांवर निघोज, कधी बोलला कसे नाहीत? अप्पा म्हणाले, “कसा बोलणार? जो बघून आलाय त्यानं पुन्हा कशाला जायचं?” मग जरा थांबून, “त्या लुझर्नच्या चित्रानं तर वाटच बंद केली.”

ते चित्र मला माहीत होते. १९९८ साली त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधून एक चित्रकार्ड पाठवले होते. लुझर्न शहरात १८७२ मध्ये एका गृहस्थाने तळघरासाठी खणायला घेतले, तर हिमयुगातल्या बर्फाखालच्या पाण्याने कोरलेले रांजणखळगे निघाले. त्यातला सर्वांत मोठा साडेनऊ मीटर खोल. तळघराचा बेत राहिला बाजूला. तिकीट लावून आजही ते जपलेले आहेत. कार्डाच्या मागे त्या विद्यार्थ्याने लिहिले होते, ‘सर, इथे उभा होतो आणि तुम्ही सांगितलेले निघोजचे रांजण डोळ्यांपुढे आले.’ ते कार्ड अप्पांनी कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवले होते. आम्ही समजत होतो, कौतुकाने ठेवले आहे.

मी काही बोललो नाही. बोलण्याचा मला अधिकारही नव्हता. एका जाडजूड ग्रंथाचे नाव गेली वीस वर्षे मी वर्गात मोठ्या आदराने घेत आलो आहे, आणि त्याची पाने अजून कापायची आहेत.

निघोजच्या कुंडापाशी पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. गावकऱ्यांच्या तोंडी रांजणखळगे हा शब्द नाही, ते याला कुंड म्हणतात. काठावर मळगंगेचे देऊळ आहे. कुकडी ही इथे दोन जिल्ह्यांची शीव. अलीकडचे टाकळी हाजी पुणे जिल्ह्यात, पलीकडचे निघोज पारनेर तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. नारळ विकणाऱ्या म्हाताऱ्याला मी खोलीविषयी विचारले. तो म्हणाला, “सात बाजांचं सुंभ उकलून सोडलं, तरी तळ न्हाई लागला म्हनत्यात.”

“बघ, सात!” अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले. त्या दिवसात ते पहिल्यांदा हसले.

आता जे दिसते ते सांगतो. नदीचे पात्र म्हटल्यावर आपल्याला वाळू आणि संथ पाणी दिसते. इथे तसे नाही. इथे नदीने अंथरलेला एक अफाट काळा कातळ आहे, आणि तो कातळ पार खाऊन टाकलेला आहे. नजर जाईल तिकडे गोल गोल पोकळ्या. काही वाटीएवढ्या, काही उखळाएवढ्या, काहींत आमची मोटार सहज बसेल. काठ असे घासलेले, की जणू आत्ताच कुंभार चाकावरचा हात काढून उठला. मधोमध या सगळ्यांना चिरत गेलेली एक खोल, वळणावळणाची घळ, आणि तिच्या तळाशी हिरवे, न हलणारे पाणी. खालच्या अंगाचे काठ आत गेलेले, वरचे पुढे आलेले. वाकून बघताना पोटात गोळा येतो. पाय घसरला तर धरायला काही नाही, कारण धरण्यासारखे सगळे नदीने केव्हाच गुळगुळीत करून टाकले आहे. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही इथे शहाणपणा काठावर ठेवू नये. मी अप्पांचा दंड घट्ट धरला होता.

अप्पा कडेपासून चार हात अलीकडे उभे राहिले. त्यांनी घळीकडे सरळ पाहिले, आणि मान हलवली. मधले दिसत नव्हते. मग ते डोके किंचित डावीकडे वळवून, दुसऱ्याच कुणाकडे बघत असल्यासारखे उभे राहिले. डोळ्याच्या कडेने ते बघत होते. बराच वेळ. ज्या गोष्टीसाठी माणूस एवढ्या वर्षांनी आला, तिच्याकडे त्याला अशी चोरून नजर टाकावी लागावी हे मला बघवेना, म्हणून मी पाण्याकडे बघू लागलो.

“एकेकटा नाहीये रे,” ते म्हणाले.

“काय?”

“मी एक रांजण काढायचो फळ्यावर. एकच. हे सगळे एकमेकांत फुटलेत.”

आणि मग चौतीस वर्षांचा मास्तर जागा झाला. खाली बसून, जवळच्या एका कमरेएवढ्या खोल रांजणाच्या आतल्या अंगावरून हात फिरवीत त्यांनी आम्हाला जे सांगितले, ते इथे थोडक्यात देतो. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी या मुलखात जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला. तो पसरला, थिजला, त्यावर पुन्हा आला. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. थिजताना आतली वाफ निसटली त्याचे फोड दगडात राहिले. कुठे तडे राहिले, कुठे दगड कणखर झाला, कुठे कच्चा. पश्चिमेला जुन्नरच्या डोंगरात, कुकडेश्वराच्या देवळापाशी ही नदी उगम पावते. पुढे ती घोडला मिळते, घोड भीमेला आणि भीमा कृष्णेला. पावसाळ्यात ती इथल्या कातळावरून धावते तेव्हा जिथे फोड किंवा तडा असेल तिथे पाणी अडखळते आणि गरगरते. त्या भोवऱ्यात चार गोटे पडले, की ते बाहेर पडू शकत नाहीत. गोल गोल फिरत राहतात आणि जात्यासारखे खालचा दगड दळतात. पूर ओसरला की तळाशी बसतात. पुढच्या आषाढात पुन्हा उठतात. दळता दळता गोटाही झिजतो, त्याचे पीठ होऊन वाहून जाते, आणि वरून दुसरा त्याच्या जागी येतो.

“हे मी शिकवायचो, ते बरोबर होतं,” अप्पा म्हणाले. “पण पुढचं मला कळलं नव्हतं. रांजण खोल होतो तसा रुंदही होतो, शेजारचाही होतो. मधली भिंत पातळ होत जाते आणि एके दिवशी फुटते. दोनाचा एक होतो. असे ओळीनं फुटले, की ही घळ. म्हणजे नदीनं आधी भोकं पाडली आणि मग त्या भोकांतून वाट काढली. पुस्तकातली आकृती चूक नाहीये. ती पहिल्या दिवसाची आहे.”

मी विचारले, की हे काम अजून चालू असेल का. अप्पा म्हणाले, की वर माणिकडोह आणि येडगावची धरणे झाली, त्यामुळे पूर आता आभाळाएवढाच धरणाच्या दरवाजांवरही अवलंबून असणार. “म्हणजे गोट्यांची रजा वाढली.” त्या रजेवर पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे कालव्याच्या पाण्याने पिके उभी आहेत, तेव्हा गोट्यांनी तक्रार करू नये, असे माझे मत पडले. अप्पांना ते विशेष पटलेले दिसले नाही.

चिरंजीवांनी वाटेत उचललेला एक खडा आजोबांच्या हातात दिला. अप्पांनी तो घळीत टाकला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. ‘एक’ पुरते म्हणून व्हायच्या आत डुबुक असा आवाज आला. आम्ही तिघेही एकमेकांकडे न बघण्याचा प्रयत्न करीत होतो.

इतक्यात कुठल्याशा शाळेची सहल येऊन थडकली. निळ्या गणवेशातली चाळीसेक मुले, दोरी हातात धरलेला एक शिपाई आणि एक तरुण बाई. बाई मोबाइलवरून माहिती वाचून दाखवत होत्या, पण वारा होता, मुलांचा गलका होता आणि त्यांचा मोबाइल मधेच रुसत होता. अप्पा दगडाला हात लावून बसलेले त्यांनी पाहिले.

“आजोबा, तुम्ही इथलेच का?”

“नाही. मी भूगोलाचा मास्तर.”

“मग मुलांना सांगता का दोन शब्द?”

मास्तरांना दोन शब्द सांगायला सांगणे आणि प्राध्यापकाला ऐसपैस बसायला सांगणे, दोन्ही सारखेच. मुले कोंडाळे करून बसली. अप्पांनी भोवरा सांगितला, गोटे सांगितले, जाते सांगितले. जाते कुणी बघितले आहे म्हणताच ग्रामीण भागातली ती पोरे, निम्मे हात वर आले. अप्पांचा आवाज चढला. मला नववीचा वर्ग दिसू लागला, आणि पुढे काय येणार हेही दिसू लागले.

दोन वेण्यांच्या एका मुलीने हात वर केला. “आजोबा, तुम्ही इथं खूप वेळा आलाय का?”

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी अप्पांकडे पाहिले. वाऱ्याने त्यांची टोपी हलत होती. ती त्यांनी काढून मांडीवर ठेवली.

“नाही,” ते म्हणाले. “आज पहिल्यांदाच बघतोय. आणि मला नीट दिसत नाही. म्हणून हात लावून बघतोय. तुम्हीही लावा.”

मुलीला यात काही विशेष वाटले नाही. तिने लगेच हात लावला. मग सगळ्यांनीच लावला. बाईंनी त्यांना घळीपासून लांबच्या, उथळ रांजणांपाशी नेले. तिथे मुले पालथी पडली आणि आतून हात फिरवू लागली. “बाई, गार लागतंय!” कुणीतरी ओरडले. अप्पांनी मान वर केली.

“काय म्हणाला तो? वारा लागतोय?”

“दगड गार लागतोय म्हणाला,” मी म्हणालो.

“हं.”

त्याच वेण्यांच्या मुलीला एका रांजणाच्या तळाशी लिंबाएवढा एक गोटा मिळाला होता. काळाभोर, इतका गोल की हातात फिरत राहावा. तो तिने दप्तरात घालायला घेतला, तसे अप्पा म्हणाले, “ए, तो ठेव तिथंच.”

“का?”

“तो कामावर आहे.”

मुलीने क्षणभर विचार केला. मग पुन्हा पालथी पडून, हात पोहोचेल तेवढा आत घालून, तो तिने होता तिथे ठेवला. तिने हात झाडले आणि ती पळाली. अप्पा त्या रांजणापाशी आणखी थोडा वेळ बसून राहिले. उठताना गुडघ्यांनी बरीच कुरकुर केली. मोटारीपर्यंतच्या वाटेवर त्यांनी माझा हात धरला नाही, चिरंजीवांचा धरला, आणि त्याला ते रांजण म्हणजे काय ते सांगत होते. आमच्या पडवीतला. डावीकडच्या रांजणाला एक चीर होती आणि ती मेणाने बुजवलेली असायची, हे मी विसरून गेलो होतो.

परतताना शिरूरलाच अंधार पडू लागला. मागची दोघे झोपली. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येत होते. अप्पा गप्प होते. मला वाटले, तेही झोपले.

“सात का म्हणालो असेन मी?” ते म्हणाले. “तीन म्हटलं असतं तरी चाललं असतं.”

“तीन सेकंदांत चव्वेचाळीस मीटर होतात,” मागून झोपेतच आवाज आला.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “घरी गेल्यावर ते लुझर्नचं चित्र काढ. मागं त्याचा पत्ता असेल.”

“आता तो तिथं असेल कशावरून?”

“नसला तर नसला. तू लिही, मी सांगतो.”

मी बरं म्हणालो. पत्राचा मायना कसा असावा याचा विचार करीत मी समोर बघत होतो. अप्पा त्यांच्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करून बसले होते.

“खड्डा आला,” ते म्हणाले. “उजवीकडून घे.”